पप्पा, तुम्ही बाहेर थांबा

डॉक्टर तुमच्या सोळा वर्षांच्या लेकराकडं बघून विचारतात, "काय त्रास होतो?" तेव्हा तुमच्या घरात उत्तर कोण देतं?

खरं सांगा. लेकरू तोंड उघडायच्या आत "मॅडम, तिला ना..." असा कुणाचा आवाज निघतो?

आमच्या घरात तो पप्पांचा निघायचा. त्या आवाजानं मला जवळजवळ मारलं होतं. हे वाक्य पप्पांनी वाचलेलं आहे. खोडू नको म्हणाले.

मला मिरगी आहे. फिट येते. फेफरं म्हणा, अपस्मार म्हणा. मी ते पहिल्याच पानावर लिहून टाकते, कारण आमच्या घरात हा शब्द फार दिवस कुणी उच्चारलाच नाही. त्याला "तिचं ते" म्हणायचे. "तिचं ते झालं का आज?" जणू मी काही चोरून आणलं होतं.

*

आम्ही हसनाबादचे. पप्पांचं भोकरदनला स्टँडजवळ झेरॉक्सचं आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं पोटासाठी, पत्रकं जिवासाठी. हुंडा, दारू, अंगात येणं, शाळेची फी, रेशन, कुठल्याही प्रश्नावर कुणी चार ओळी लिहून आणल्या की पप्पा त्यांच्या आठ करायचे आणि नुसत्या कागदाच्या खर्चात छापून द्यायचे. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. तिसरीत मला "धिक्कार" बिनचूक लिहिता यायचं, "फुलपाखरू" चुकायचं. सुट्टीच्या दिवशी पत्रकांना घड्या घालायचं काम माझं.

त्यात एक पिवळ्या कागदाचं पत्रक होतं. वर जाड अक्षरात: फिट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवू नका. मजकूर पप्पांचा, घड्या माझ्या. ते पत्रक लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

पप्पा वस्तीचे बोलके माणूस. तहसीलमध्ये कुणाचं काम अडलं की लोक त्यांना घेऊन जायचे. "तुम्ही फकस्त उभे राहा, बोलायचं मी बघतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला त्याचा फार अभिमान होता. एक दिवस आपल्यालाही नुसतं उभं राहावं लागेल, हे मला कुठं माहीत होतं?

*

जयंतीचा कार्यक्रम होता, विहारासमोर मांडव. मी अकरावीत. भाषण पप्पांनी लिहिलेलं, मी पाठ केलेलं. मी बोलत होते आणि पहिल्या रांगेत पप्पांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. "आपण कुणाचे मिंधे नाही, कारण..." इथवर मला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी सतरंजीवर आडवी होते. तोंडात रक्ताची चव, जीभ कडेनं चावलेली. सलवार ओली. आणि नाकात चामड्याचा वास. घामट, धुळीचा, पायाचा वास.

लोक वाकून बघत होते. आई माझ्या अंगावर स्वतःचा पदर ओढत होती. मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "चप्पल कुणी लावली?"

"जाऊ दे माय," आई म्हणाली. "गर्दीत कुणाचं काय कळतंय."

पांढऱ्या कपड्यातल्या सगळ्या वस्तीसमोर माझी सलवार ओली झाली, याची लाज वाटलीच. पण चपलेचा राग वेगळा होता. आपल्या माणसांच्या नाकाशी, डोक्याशी चपला धरणाऱ्यांविरुद्ध ज्या मांडवात आपण बोलतो, त्याच मांडवात माझ्या नाकाला चप्पल? मी घरी येऊन पप्पांना सांगितलं, "ज्यानं कुणी लावली ना, त्याचं नाव घालून पत्रक काढणार आहे मी."

 त्या आठवड्यात पप्पांनी चामड्याच्या चपला घालणं सोडलं आणि कॅनव्हासचे बूट आणले. पावसाळ्याला बरे पडतील म्हणाले. पावसाळ्याला अजून वेळ होता.

*

निदान जालन्याला झालं. डोक्याला चिकट मलम लावून वायरी जोडल्या, एक बाई म्हणाली डोळे मीट, मी मिटले. मग डॉक्टर मॅडमच्या खोलीत तीन खुर्च्या. मधली माझी.

मॅडमनी माझ्याकडं बघून विचारलं, "याच्या आधी कधी असं काही? हाताला अचानक झटका बसणं, सकाळी हातातून वस्तू पडणं?"

होतं. कित्येक महिन्यांपासून होतं. सकाळी उठल्यावर हात आपोआप उडायचे, जणू कुणी कोपरातून दोरी ओढली. ब्रश उडायचा, कप पडायचा. आई म्हणायची, "हात गळाले का गं तुझे? लक्ष कुठं राह्यलंय?"

मी म्हणाले, "सकाळी सकाळी माझे हात..."

"न्हाई मॅडम," पप्पा म्हणाले. "कधीच न्हाई. एकदम ठणठणीत पोरगी. वर्गात पहिली येते. हे पहिल्यांदाच, उन्हामुळं झालं असंल."

"पप्पा, हात..."

"ते अशक्तपणानं गं. खातच न्हाई काही, मॅडम."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि गोळी सांगितली. बाहेर रांग होती.

जालन्याच्या स्टँडवर पप्पांनी उसाचा रस घेऊन दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "मित्रा," मला ते अशीच हाक मारतात, "हे बघ. गावात अशक्तपणा सांगायचा. रक्त कमी हाय म्हणायचं. बाकी कुणाला काही सांगायचं न्हाई."

"कामून?"

"कामून म्हंजे? लोक कसे हायेत तुला ठाव न्हाई का?"

"मंग पत्रकं कुणासाठी छापता तुम्ही?"

त्यांनी ग्लास टेबलावर आपटला. रस सांडला. बस लागली तेव्हा आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो. पप्पांनी माझ्याशिवाय दुसऱ्या सीटवर बसण्याची ती पहिली वेळ होती.

*

मग घराची जेल झाली. सायकल बंद, गच्ची बंद, विहिरीकडं जायचं नाही. न्हाणीच्या दाराची कडी पप्पांनी स्क्रू काढून नेली. आई बाहेर पाटावर बसायची आणि दर मिनिटाला हाक मारायची, "हायेस ना गं?" सोळा वर्षांच्या मुलीनं अंग धुताना "हाये" असं पुन्हा पुन्हा ओरडून सांगायचं, हे कसं असतं ते ज्यानं केलं त्यालाच कळेल.

गोळी नियमानं घेत होते. पण हातांचे झटके वाढले. पूर्वी एखाद-दुसरे, आता सकाळभर. भाकरी थापताना पीठ उडायचं. मी घरी सांगितलं. पप्पा म्हणाले, "गोळी सुरू हाय ना? मंग डोक्यात घेऊ नको. मन खंबीर ठेव." मी दर महिन्याला जालन्याला सांगायचं ठरवून जायचे. मॅडम विचारायच्या, "कशी आहेस?" आणि पप्पा म्हणायचे, "बराबर आहे मॅडम, बिलकुल त्रास न्हाई."

एकदा मी त्यांच्या बोलण्यावर बोलले. "त्रास आहे." पप्पा हसले. "अभ्यासाचं टेन्शन, मॅडम. सायन्स घेतलंय ना."

त्या दिवसापासून मी बोलणं सोडलं. दवाखान्यातही आणि घरातही. पप्पा दुकानातून आले की मी भिंतीकडं तोंड करायचे. जेवताना ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचे. आई मधल्या दारात उभी राहून एकदा इकडं, एकदा तिकडं बघायची. "दोघंबी एका मातीचे," म्हणायची. "मलाच फिट यायची आता." आणि मग दाताखाली जीभ धरायची.

पप्पांना वाटलं, पोरगी वयात आली, शेफारली. मला वाटलं, या माणसाला मी नको आहे, पहिल्या नंबरची मुलगी हवी आहे. दोघांचंही चुकत होतं. पण चुकीची किंमत एकटी मीच मोजणार होते.

*

सकाळची वेळ. मी चहा गाळत होते. हाताला झटका बसला, पातेलं उडालं. नंतरचं मला माहीत नाही. डावा दंड आणि मांडी भाजली आणि एकामागून एक फिट येत राहिल्या. शेजारच्यांच्या गाडीत घालून जालन्याला नेलं. आई सांगते, राजूरच्या पुढं पप्पा माझं नाव घेत नुसते ओरडत होते. ते मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं.

दवाखान्याचे दिवस सगळे सारखे. सकाळी फरशी पुसल्याचा वास, मग ड्रेसिंगची ट्रॉली. तिची चाकं वाजली की माझी मांडी आधीच आखडायची. शेजारच्या खाटेवर परतूरची एक आजी होती, पाय मोडलेली. तिला मोसंबी सोलून द्यायची सवय, कुणी मागो न मागो. नर्स मला विचारायची, "दुखतंय का?" पप्पा म्हणायचे, "आज कमी हाय सिस्टर." आजीनं हे दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी ती खाटेवरूनच म्हणाली, "का हो दादा, तुम्ही तिचे वकील हायेत का?"

"बाप हाय मी तिचा."

"ते दिसतंच हाय. पण भाजलं तिला का तुम्हाला?"

वॉर्डात दोघी-तिघी हसल्या. पप्पा नाही हसले. मीही नाही. पण मोसंबीची फोड त्या दिवशी फार गोड लागली.

दुपारी मॅडम आल्या. माझ्या हाताचा झटका त्यांनी स्वतः पाहिला. चमचा उडाला आणि त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "हे कधीपासून?"

"मॅडम, अशक्तपणा..." पप्पांनी सुरुवात केली.

"तुम्ही बाहेर थांबा."

"पण मी बाप..."

"म्हणूनच. दहा मिनिटं."

पप्पा गेले. त्यांच्या पाठीवरून कळत होतं की हे वाक्य त्यांना आयुष्यात कुणी म्हटलेलं नाही.

मी सगळं सांगितलं. सकाळचे कप, ब्रश, पीठ. गोळीनंतर वाढलेले झटके. मॅडमचा चेहरा बदलत गेला. "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं होतं," मी म्हणाले. "उत्तर पप्पांनी दिलं. तुम्ही तेच लिहिलं."

 मला वाटलं, आता चिडतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. माझी पण चूक आहे ती." मग समजेल असं सांगितलं, की तुझ्या प्रकारच्या मिरगीत ही गोळी चालत नाही, उलट झटके वाढवते. प्रकार ओळखायला तेच एक वाक्य हवं होतं, हात उडतात.

एक वाक्य. मी अर्ध्यावर सोडलेलं, कारण मला सोडायला लावलं.

(हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नका. बदलायची ती डॉक्टरांनी. सांगायचं ते तुम्ही.)

"वडलांना मी सांगू का तू सांगतेस?" मॅडमनी विचारलं.

"मी."

*

पप्पा आत आले. मी आडवीच होते, पण आवाज मांडवातला लावला. पाठ केलेलं नव्हतं, तरी अडखळले नाही. म्हणाले, माझे हात कित्येक महिन्यांपासून उडत होते. मी सांगत होते. तुम्ही मला बोलू दिलं नाही. त्यामुळं चुकीची गोळी चालली. त्यामुळं हे. आणि मी चादर बाजूला करून दंडावरचं ड्रेसिंग दाखवलं.

मला वाटलं ओरडतील. किंवा समजावतील, ते जास्त वाईट. ते स्टुलावर बसले. बराच वेळ बुटांकडं बघत राहिले.

"मला दिसत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुझे हात. पत्रकाला घडी घालताना कागद उडायचे तुझ्या हातातून. मला दिसायचं. मला वाटलं, जुनं हाय असं म्हटलं तर कायमचं हाय म्हणतील. पहिल्यांदाच हाय म्हटलं तर जाईल." त्यांनी नाक पुसलं. "आणि ती चप्पल..."



"ती मी लावली, मित्रा. माझीच होती. तू पडली, डोळे फिरले तुझे, मला काहीच सुचलं न्हाई. लहानपणी माझी माय लावायची गल्लीत कुणालाबी. हात आपोआप गेला खाली. तुझी आई म्हणली, न्हाई, न्हाई. मी आयकलं न्हाई."

शेजारच्या आजीची सोलती बोटंसुद्धा थांबली.

गोष्टीत इथं मुलगी बापाच्या गळ्यात पडते. मी म्हणाले, "पप्पा, तुम्ही बाहेर थांबा."

ते उठून गेले. दिवसभर बाकावर बसले. आई डबा घेऊन आली तेव्हाही आत आले नाहीत. संध्याकाळी दारातून डोकावून म्हणाले, "येऊ का?"

विचारलं. माझ्या जन्मापासून हा माणूस माझ्या खोलीत, माझ्या दप्तरात, माझ्या भाषणात कधी विचारून आला नव्हता. मी लगेच हो म्हणाले नाही. त्यांना थोडं उभं ठेवलं. मग म्हणाले, "या."

*

घरी आल्यावर सगळं छान झालं, असं लिहिलं तर खोटं होईल. नव्या गोळीनं झटके थांबत गेले, राग नाही थांबला. न्हाणीच्या कडीवरून आमचं जोरात भांडण झालं. मला कडी हवी होती, त्यांना नको होती. मला फिट आली आणि आतून कडी असली तर काय, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. शेवटी मी म्हणाले, कडी नको, पण आईचा पाटही नको. दाराला लाल ओढणी अडकवली की आत मी आहे, कुणी यायचं नाही, हाक मारायची नाही. मी आत गाणं म्हणेन. गाणं थांबलं तर या.

"आणि गाणं आठवलं न्हाई तर?" पप्पा.

"तर पाढे म्हणते. पण तुम्ही तिकडून पुढचा पाढा सांगायचा नाही."

आई फिसकन हसली. फार दिवसांनी. मग पप्पाही.

पुढच्या तपासणीला पप्पांनी मॅडमच्या खोलीच्या दाराशी पाय थांबवले आणि स्वतःहून म्हणाले, "तू जा. मी बाहेर हाय." नंतर मॅडमनी त्यांना आत बोलावलं आणि त्यांनाच विचारलं, "झोप कशी आहे तिची?" पप्पांनी तोंड उघडलं. "झोप एकदम बरा..." आणि थांबले. माझ्याकडं बघितलं. "तिला विचारा मॅडम."

बोलक्या माणसाला अर्ध्या शब्दावर थांबताना मी पाहिलं आहे. मांडवातल्या कुठल्याही भाषणापेक्षा ते अवघड असतं.

मी त्यांना माफ केलं का? रोज थोडं करते. एखाद्या दिवशी करत नाही. त्या दिवशी तसं सांगते. ते ऐकून घेतात, हे नवीन आहे.

पिवळं पत्रक आम्ही पुन्हा काढलं. या वेळी मजकूर माझा. फिट आली की माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार, गरम सामान हलवा, तोंडात काही घालू नका, नाकाला काही लावू नका, धरून दाबू नका. फिट लवकर थांबली नाही तर गाडी बोलवा. खाली: "मला मिरगी आहे" आणि माझं नाव. आईचा विरोध होता. "पोरीबाळीचं नाव कागदावर? उद्या सोयरीक घेऊन कोण येईल?" मी म्हणाले, हे वाचूनही जो येईल तोच यावा. पप्पा काँप्युटरसमोर बसून होते. दोन वेळा त्यांनी माझी ओळ सुधारायला बोट उचललं, दोन वेळा खाली घेतलं. मग म्हणाले, "एक ओळ माझी टाकू का? तू म्हणली तर."

मी वाचली. "माझ्या मुलीच्या नाकाला चप्पल मी लावली होती. तुम्ही लावू नका." खाली त्यांचं पूर्ण नाव.

मी म्हणाले होते, ज्यानं लावली त्याचं नाव घालून पत्रक काढीन. निघालं.

*

आता तुमच्याकडं मागणं आहे. पैसे नकोत, वर्गणी नको, घोषणा नको.

तुमचं मूल बारा-तेराच्या पुढचं असेल आणि त्याला घेऊन तुम्ही कुठल्याही दवाखान्यात जाणार असाल, ताप असो, पोटदुखी असो की गप्प गप्प राहणं असो, तर जायच्या आधी त्याला विचारा, "मी आत थांबू का बाहेर?" ते म्हणालं बाहेर, तर बाहेर बसा. आत बोलावलं, तर डॉक्टरांनी त्याच्याकडं बघून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देऊ नका. जीभ वळवळेल. लेकरू अडखळेल, चुकीचं सांगेल, उशीर लावेल, बाहेर रांग खोळंबेल. तरी थांबा.

त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या. माझं अर्ध्यावर राहिलं होतं, त्याची खूण माझ्या डाव्या दंडावर आहे.